जग सोडलं, मग जगावर लिहायचं कशाला?

प्रश्न : थॉमस मर्टन हे अमेरिकेत केंटकीमधल्या गेथसेमनीच्या ट्रॅपिस्ट (मौन आणि एकांत पाळणाऱ्या कॅथलिक पंथाच्या) मठातले साधू. एकीकडे एकांत मागायचे, दुसरीकडे अण्वस्त्रं आणि वर्णद्वेषावर लिहायचे. जग सोडलं, तर या उठाठेवी कशाला? हा मानभावीपणा नाही का?
– एक वाचक, मिरज

उत्तर : तुमची शंका त्यांच्या वरिष्ठांनाही होती. फरक इतकाच, की त्यांनी थेट हुकूम काढला. एप्रिल १९६२मध्ये मर्टनना कळवण्यात आलं, की युद्ध आणि शांतता हा साधूचा विषय नव्हे, यावर काही छापायचं नाही. या विषयावरचं त्यांचं पुस्तक तयार होतं. ते रीतसर छापून निघालं २००४ साली, मर्टन जाऊन ३६ वर्षं झाल्यावर.

पण पत्रं लिहायला कुठे मनाई होती? युद्धाबद्दल लोकांना लिहिलेली पत्रं त्यांनी एकत्र केली आणि सायक्लोस्टाइल करून वाटली. (आणीबाणीत त्या शाईने माझेही हात काळे झालेत, त्यामुळे हा भाग मी जरा प्रेमानेच वाचतो.) पुढच्या वर्षी पोप जॉन तेविसावे यांनी शांततेवर परिपत्रक काढलं. मर्टननी लगेच वरिष्ठांना लिहिलं, की बरं झालं, पोपना आपल्या साधुसंघाच्या परीक्षकांकडून मजकूर पास करून घ्यावा लागला नाही! आज्ञा पाळायची आणि चिमटाही काढायचा. मानभावी माणूस याच्या उलट करतो.

१९६५पासून ते मठाच्या रानातल्या सिमेंट ब्लॉकच्या खोपटात एकटे राहू लागले. तिथेही डोक्यावरून हवाई दलाचं अणुबॉम्बवालं विमान जायचं. आता सांगा, जग सोडून जायचं कुठे? त्याच वर्षी त्यांनी निवडलेल्या गांधीजींच्या अहिंसाविषयक वचनांचं पुस्तकही निघालं.

तोल मात्र त्यांना साधला असं मला वाटत नाही. एकांतासाठी वर्षानुवर्षं वरिष्ठांच्या मागे लागले, आणि तो मिळाल्यावर पाहुणे, पत्रव्यवहार सुरूच. वर रोजनिशीत स्वतःवर चिडायचे. नोव्हेंबर १९६८मध्ये धरमशालेला दलाई लामांशी ध्यानावर बोलले, आणि १० डिसेंबरला बँकॉकच्या परिषदेत विषय घेतला मार्क्सवाद आणि मठजीवन. त्याच दुपारी ते गेले.

वाचायचं असेल तर १९४८च्या आत्मचरित्रापासून सुरुवात करू नका. ते गाजलं खरं, पण त्यातला तरुण साधू जगाकडे नाक मुरडून बघतो. साठनंतरची पत्रं आधी वाचा. तुमचाच प्रश्न तिथे ते स्वतःला विचारताना दिसतील, तुमच्याहून कडक शब्दांत.