चीनचे आकडे बघून तांबे, ॲल्युमिनियम, जस्त यांच्या शेअर्समध्ये पैसे फिरवत राहणे फायद्याचे आहे का?

तुम्ही विचारलंय की चीनचा पीएमआय (कारखान्यांच्या पाहणीचा मासिक आकडा, ५० च्या वर म्हणजे वाढ, खाली म्हणजे घट), डॉलर इंडेक्स (इतर मोठ्या चलनांपुढे डॉलर किती तगडा ते) असे आकडे बघून दर दोन-तीन महिन्यांनी एका धातूच्या शेअरमधले पैसे दुसऱ्यात हलवावेत का. मी हलवलेत, म्हणून लिहितोय.

सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीत माझं मोटर रिवाइंडिंगचं दुकान आहे. लूमच्या जळालेल्या मोटरी येतात, जुनी तार काढायची, नवी भरायची. तांबं वाढलं की टीव्हीच्या आधी मला तारवाला सांगतो. तेवढ्यावर मी स्वतःला शहाणा समजत होतो.

मार्च २०२२. युक्रेनचं युद्ध नुकतंच सुरू झालेलं. ७ तारखेला लंडनच्या धातूबाजारात ॲल्युमिनियम टनाला ४,००० डॉलरच्या वर जाऊन आलं. रशिया मोठा उत्पादक, त्यात ऑस्ट्रेलियाने रशियाला ॲल्युमिना, म्हणजे ॲल्युमिनियमचा कच्चा माल, द्यायचं बंद केलं, युरोपात वीज महागल्यामुळे भट्ट्या थंडावलेल्या. एक टन ॲल्युमिनियमला तेरा-चौदा हजार युनिट वीज लागते की ओ! मी म्हटलं, हे आता कुठे थांबतंय. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात तांब्याचा शेअर विकला, चांगला नफ्यात होता, आणि सगळे पैसे एका ॲल्युमिनियम कंपनीत घातले.

३१ मार्चला चीनचा पीएमआय ४९.५ आलेला, म्हणजे ५० च्या खाली. वाचलं होतं, सोडून दिलं. कोरोनामुळे शांघायला कुलूप, पुढचा आकडा आला ४७.४. जगातलं निम्म्याहून जास्त ॲल्युमिनियम खपवणारं गिऱ्हाईकच घरात बसलं, तर युरोपातल्या बंद भट्ट्यांचं कौतुक कोणाला?

मे महिन्यात होटगी रोडला मेहुणीचं लग्न. पंगतीत पुण्याचे थोरले साडू, एमबीए झालेले, सासऱ्यांच्या देखत म्हणाले, "तुमचा धंदा तांब्याचा, आणि पैसे ॲल्युमिनियमात? पीएमआय तरी बघायचा होता." लोक हसले. मी इरेला पेटलो, घरी येऊन अजून शेअर घेतले. जूनअखेर जवळजवळ निम्म्या भावात विकले. दुकानात तांब्याची तार किलोमागे दीड-दोनशेनं उतरली होती, गिऱ्हाईक खूश, आणि मी गल्ल्यावर तोंड पाडून.

आता साडूंचंही ऐका. २०२२ च्या डिसेंबरात चीनने कोरोनाचे निर्बंध उठवले. फेब्रुवारीचा पीएमआय ५२.६ आला, दहा वर्षांत नव्हता एवढा. साडूंनी दणकून तांबं घेतलं. तांबं जानेवारीतच वर जाऊन आलं होतं. मे २०२३ मध्ये ते ८,००० डॉलरच्या खाली. तोच पीएमआय, तेच साडू. हे मात्र ते कुठल्या पंगतीत सांगत नाहीत. आकडा खोटा नसतो, पण आपल्यापर्यंत येईतो बाजाराने तो चघळून टाकलेला असतो.

त्याहून मोठी चूक मला उशिरा कळली. आपण धातू घेत नाही, कंपनी घेतो. वीज महाग म्हणून ॲल्युमिनियम चढलं, पण तीच वीज माझ्या कंपनीलाही लागत होती. भाव पडला, ती वीज ज्यावर होते तो कोळसा मात्र महागच राहिला. हिंदुस्तान झिंक घेतलीत तर जस्ताबरोबर चांदीही घेतली समजा, नफ्यात तिचा वाटा मोठा आहे. हिंदाल्को घेतलीत तर तिची परदेशातली कंपनी नोव्हेलिसही येते. ती मुख्यतः पत्रे लाटण्याची मजुरी कमावते, धातूचा भाव गिऱ्हाईकावर ढकलते. तांबं गाळणाऱ्याला तर तांब्याच्या भावापेक्षा गाळणावळ, म्हणजे खाणीतला माल गाळून देण्याची मजुरी, किती मिळते ते महत्त्वाचं. खाणीतला माल कमी पडला की तांबं चढतं, पण तो माल मिळवायला गाळणाऱ्यांची ओढाताण होऊन गाळणावळ पडते, आणि तुम्ही विचारत बसता की शेअर का हलेना.

बघायचंच असेल तर लंडनच्या बाजाराच्या गोदामांतला साठा बघा, आणि रोखीचा भाव (माल लगेच घ्यायचा तर) तीन महिन्यांच्या भावापेक्षा (माल तीन महिन्यांनी घ्यायचा तर) वर आहे का ते. रोखीचा वर असेल तर मालाची खरी ओढ आहे. पीएमआयपेक्षा मी यावर जास्त विश्वास ठेवतो. डॉलर इंडेक्सबद्दल फार बोलत नाही. डॉलर चढला की धातू दबतात, पण आपले भाव रुपयात, त्यामुळे थोडा मार रुपयाच खातो.

आणि दर तीन महिन्यांनी हलवाल तर नफ्यावर २० टक्के कर आहे, जुलै २०२४ पासून. वर्षाच्या वर धरलं तर साडेबारा, तोही सव्वा लाखाच्या वरच्या नफ्यावर. साडूंच्या हिशेबात हा रकाना नसतो.

मी काही सल्लागार नाही. माझे तर धातूंत एकूण पैशांच्या दहा टक्क्यांवर नाहीत, बाकी एफडी आणि भिशी, हे आधी सांगायला हवं होतं.

परवा साडूंचा व्हॉट्सॲप आला, आता निकेल बघा म्हणे. मी विचारलं, ८ मार्च २०२२ आठवतो का? त्या दिवशी निकेल टनाला एक लाख डॉलरच्या वर गेलं आणि लंडनच्या बाजाराने त्या दिवसाचे सौदेच रद्द केले. निळ्या टिका आल्यात. उत्तर नाही.