मेगॅलोपा होताना कुर्लीची पिल्ले मरतात? औषधाचा डबा आधी हॅचरीबाहेर काढा

प्रश्न (पेडणे तालुका): छापोरा नदीकाठी आमची लहान हॅचरी आहे. खाडीच्या कुर्लीची झोइया (अंड्यातून निघालेले पोहणारे पिल्लू) पंधरा-सोळा दिवस चांगली पोहते, मेगॅलोपा (झोइयानंतरची अवस्था) होतानाच टाकीच्या टाकी मरते. विक्रेता म्हणतो, अँटिबायोटिकचा डोस दुप्पट करा. करावा का?

उत्तर: नाही. दुप्पट नको, एकपटही नको. पाचव्या अवस्थेतली झोइया कात टाकताना अडकून मरते, ही तक्रार बहुतेक हॅचऱ्यांत आहे आणि पुष्कळदा औषधच तिला हातभार लावते. सततच्या अँटिबायोटिकने झोइयाचे काटे वेडेवाकडे वाढतात. असे पिल्लू कातीतून सुटत नाही. सूक्ष्मदर्शकाखाली काटे पाहा, मग विक्रेत्याचा फोन उचला. क्लोरॅम्फेनिकॉल, नायट्रोफ्युरान यांवर तर बंदीच आहे. बिनलेबलाच्या पुडीत काय आहे, हे पुष्कळदा विकणाऱ्यालाही ठाऊक नसते.

पाणी सुधारा. भरतीचे पाणी घ्या, गाळ बसू द्या, वाळूतून गाळा, मग क्लोरीन. टनाला 30 ते 35 ग्रॅम चांगली ब्लीचिंग पावडर पुरे. ‘अजून एक मूठ’ नको. रात्रभराने हवा जोरात सोडा, उरलेला क्लोरीन हायपोने (सोडियम थायोसल्फेट) मारा. क्लोरीनच्या तपासणीत पिवळी झाक आली तर त्या पाण्यात पिल्ले सोडू नका.

यापुढची पायरी सगळे वगळतात आणि माझा आग्रह तिचाच आहे: हे पाणी हवा चालू ठेवून चार-पाच दिवस मुरू द्या. निरुपद्रवी जिवाणू आधी जागा धरतात, व्हिब्रिओ या रोगकारक जिवाणूला मोकळे रान मिळत नाही. रात्री टाकीत त्याचा हिरवट-निळा उजेड दिसला तर ती तुकडी टाकून द्या. औषध? तेव्हाही नको.

खाद्य: झोइयाच्या पहिल्या दोन अवस्थांत रोटिफर (सूक्ष्म जलजीव), तिसरीपासून आर्टेमिया (खाऱ्या पाण्यातली बारीक कोळंबीसारखी पिल्ले).

जून ते सप्टेंबर हॅचरी बंद ठेवा. खाडी गोडी होते आणि झोइयाला क्षारता (हजार भाग पाण्यात क्षाराचे भाग) 30 ते 32 लागते, तापमान 28 ते 30 अंश. ‘जाडे मीठ टाका, क्षारता येईल’ हा सल्लाही दुकानातलाच. मिठात समुद्राच्या पाण्याइतके कॅल्शियम, मॅग्नेशियम नसते. आकडा येतो, पिल्लू मरते.

अनुदान: प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत सर्वसाधारण गटाला 40, महिला व अनुसूचित जाती-जमातींना 60 टक्के. आधी मत्स्योद्योग खात्यात चौकशी करा.

मेगॅलोपा दिसताच टाकी विरळ करा, नाहीतर ती एकमेकांना खातात. आडोशाला जाळ्याचे तुकडे लोंबते सोडा आणि क्षारता रोज दोनाने उतरवत 25 वर आणा. एका दिवसात नव्हे.