माझे पणजोबा पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियात (आजच्या इराकमध्ये) मारले गेले. खडकीच्या वॉर सिमेट्रीत त्यांचं नाव सापडेल का?

नाही सापडणार. पुण्याला खास त्यासाठी येणार असाल तर आधीच सांगतो, म्हणजे हेलपाटा वाचेल.

खडकीची जागा बघण्यासारखी आहे. हिरवळ, ओळीने लावलेले दगड, शहराच्या मधोमध असूनही शांतता. पण तिथे कोण आहे ते समजून घ्या. दुसऱ्या महायुद्धातल्या १,६६८ कबरी तिथे आहेत. पश्चिम आणि मध्य भारतात ठिकठिकाणी विखुरलेल्या ज्या कबरींची देखभाल पुढे होईल याची खात्री नव्हती, त्या तिथे आणल्या. आवारातच पहिल्या महायुद्धाचं वेगळं स्मारक आहे. त्यावर १,८०० हून अधिक नावं आहेत, पण ती भारतातच मरण पावून छावण्यांच्या दफनभूमीत पुरलेल्यांची, बहुतेक सगळी ब्रिटिश पलटणींमधली. त्यांतले ६२९ जण तर मुंबईच्या शिवडी दफनभूमीतून इथे हलवलेले. तिथे दुसऱ्या महायुद्धातल्या १९३ पूर्व आणि पश्चिम आफ्रिकी सैनिकांचीही नावं आहेत, हे फार थोड्या पुणेकरांना ठाऊक असतं. आफ्रिकेतून आलेल्याचं नाव खडकीत आणि साताऱ्याच्या माणसाचं इराकमधल्या बसऱ्यात, असा तो साम्राज्याचा हिशेब.

तुम्ही लिहिलंय की घरात 'बसऱ्याच्या लढाईत गेले' एवढंच सांगतात, पलटण मराठ्यांची होती, आणि गावात चावडीच्या भिंतीत एक संगमरवरी पाटी आहे. एवढ्यावरून बरंच काही कळतं.

१९१४ च्या अखेरीला बसऱ्यात उतरलेली फौज पुण्याचीच होती, सहावी पूना डिव्हिजन. त्यात १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी होत्या. बगदादच्या वाटेवर माघार घ्यावी लागली आणि तुर्कांनी ही डिव्हिजन कूत-अल-अमारा या गावात कोंडली. डिसेंबर १९१५ ते २९ एप्रिल १९१६ वेढा चालला. शेवटी उपासमारीने शरणागती पत्करावी लागली आणि सुमारे १३,००० माणसं तुर्कांच्या कैदेत गेली. वाळवंटातून चालत नेताना आणि नंतरच्या कैदेत त्यांतली हजारो मेली. १०५, ११४ आणि ११६ या मराठा पलटणीही पुढे मेसोपोटेमियात लढल्या. म्हणजे 'बसऱ्याची लढाई' असं घरात म्हणत असले, तरी मृत्यू बसऱ्यात झाला असेल असं नाही. साताऱ्याकडच्या घरांतून त्या सगळ्या मुलखाला 'बसरा' म्हणत.

आता नावाचं. ज्यांची कबर माहीत नाही अशा मेसोपोटेमियातल्या मृतांचं स्मारक १९२९ मध्ये बसऱ्याजवळ उभं राहिलं. त्यावर ४०,००० हून अधिक जणांची नोंद आहे आणि त्यांत बहुसंख्य आपले. १९९७ मध्ये सद्दाम हुसेनच्या हुकमाने ते अख्खं स्मारक उचलून नासिरियाच्या रस्त्यावर सुमारे ३२ किलोमीटर दूर नेलं. पण खरी गोम वेगळीच आहे. ब्रिटिश शिपायाचं नाव दगडात कोरलं, हिंदी सुभेदार-जमादारांचंही कोरलं, आणि साध्या हिंदी शिपायांसाठी पलटणीच्या नावाखाली 'आणखी इतके शिपाई' असा नुसता आकडा घातला. ही स्मारकं सांभाळणाऱ्या कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनच्याच २०२१ च्या चौकशी अहवालात हे कबूल केलेलं आहे. तेव्हा कोणी इराकला जाऊन बघितलं असतं तरी तुमच्या पणजोबांच्या जागी बहुधा आकडाच दिसला असता.

तुमच्या चावडीवरच्या पाटीचीही तीच तऱ्हा. या गावातून महायुद्धाला इतके गेले, त्यांपैकी इतक्यांनी प्राण दिले. बस. साताऱ्याजवळच्या अपशिंगे मिलिटरी गावात अशा ४६ बळींचा अभिमानाने उल्लेख होतो, तिथेही सुरुवात आकड्यानेच. इतक्या मोठ्या सरकारला गावाच्या पाटीवर पाच-दहा नावं कोरणं परवडलं नाही असं मला वाटत नाही, गरजच वाटली नसणार. (काही गावांनी नंतर वर्गणी काढून नावांचा वेगळा फलक लावला. तुमच्या ग्रामपंचायतीत विचारून बघा.)

मात्र कागदावर नावं आहेत. त्याच कमिशनच्या संकेतस्थळावर बसरा स्मारकाखालचे हिंदी शिपाईही नावानिशी शोधता येतात. अनेकांच्या नोंदीत वडिलांचं नाव, गाव, तालुका आणि जिल्हाही असतो. शोधताना आडनावावर विसंबू नका, कारण पुष्कळदा नुसतं 'गणू' किंवा 'रामा शिंदे' असं काहीतरी असतं आणि इंग्रजी स्पेलिंग कारकुनाच्या कानाला लागलं तसं. गाव आणि पलटण यांवरून जा. पलटणीचा आकडा त्या काळचाच टाका: ११० वी म्हणजे १९२२ नंतरची पाचव्या मराठा रेजिमेंटची तिसरी बटालियन. ती नवी नावं १९१६ च्या नोंदीत मिळणार नाहीत. जिल्हेही तेव्हाचे घ्या. रायगड म्हणजे कुलाबा, सिंधुदुर्गाचा बराच भाग रत्नागिरीत, वाळवा आणि तासगाव साताऱ्यात. पणजोबा मराठा पलटणीत नसून सॅपर्समध्ये (रस्ते-पूल बांधणाऱ्या तुकड्यांत) किंवा खेचरांच्या तांड्यावर असण्याचीही शक्यता धरा. घरातल्या आठवणीत सगळ्यांनाच 'मराठा पलटण' म्हणून टाकतात.

आणि पहिलं काम म्हणजे त्यांचं युद्धाचं पदक शोधा. मृताच्या घरीही मेडल पाठवत. त्या चांदीच्या गोल मेडलच्या कडेवर शिपायाचा नंबर, नाव आणि पलटण ठोकलेली असते. भिंग घेऊन बघा. पुष्कळ घरांत ते दुष्काळात सोनाराकडे गेलं, पण चुलत घराण्यात कुणाच्या देवघरात किंवा पेटीच्या तळाशी असू शकतं. एकदा नंबर मिळाला की बाकीचं सोपं होतं.

कोकणातल्या कुणी हे वाचत असेल आणि त्यांचे आजोबा-पणजोबा जहाजावर खलाशी असतील, तर शोध वेगळा. त्यांच्यासाठी मुंबईत मशीद बंदरच्या इंडियन सेलर्स होममध्ये स्मारक आहे आणि त्यावर पहिल्या महायुद्धात समुद्रात गेलेल्या २,००० हून अधिक जणांची नोंद आहे. दुसऱ्या युद्धातल्यांची नावं तिथल्याच नोंदवहीत आहेत.

तुम्ही गावाचं आणि तालुक्याचं नाव दिलेलं नाही. ते आणि मेडलवरचा नंबर (सापडला तर) खाली लिहा, मीही शोधून बघतो.