पावसाळी लांब ट्रेकला पायाला फोड येऊ नयेत म्हणून कोणते मोजे घ्यावेत?

राजगड–तोरणा करताना दोन्ही टाचांना फोड आले आणि आता जुलैत पन्हाळा–पावनखिंड करायचे आहे, तेव्हा जाड मोजे घ्यावेत का, असे आपण विचारले आहे. माझ्या मते जाडीचा विचार नंतर करावा; आधी मोजे कशाचे आहेत ते पाहावे.

फोड नुसत्या घासण्याने येत नाही. चालताना आतले हाड पुढे-मागे सरकते, पण ओली त्वचा मोज्याला चिकटून जागीच राहते. या ओढाताणीत कातडीचे थर आतून सुटतात आणि मधल्या पोकळीत पाणी भरते. सुती मोजा पाणी पितो आणि तासन्‌तास ओलाच राहतो, म्हणून अशा वाटेवर तो सर्वांत वाईट. मी पहिल्यांदा रोजच्या वापरातले सुती मोजे घालून गेलो होतो; याच वाटेवरच्या मसाई पठारावरच बुटांत पाणी भरले आणि मुक्कामी मोजा उतरवताना टाचेची पांढरी, सुरकुतलेली कातडी त्याच्याबरोबरच सोलून आली.

म्हणून मुख्यतः नायलॉन किंवा पॉलिस्टरचा, घोट्याच्या वर येणारा, पातळ वा मध्यम मोजा घ्यावा. मेरिनो लोकर उत्तमच, पण ती महाग असते आणि जुलैच्या दमट हवेत लवकर वाळत नाही, त्यामुळे मी ती हिवाळ्यातल्या कळसूबाईसाठी राखून ठेवतो. दुकानात मोजा उलटा करून बोटांजवळच्या शिवणीवरून नख फिरवावे. नख अडखळले, तर तीच शिवण पुढे करंगळीला टोचणार. ‘फ्री साइझ’ टाळावा, कारण मोज्याची टाच आपल्या टाचेवर नीट बसली नाही, तर तिथेच चुणी पडते. जाड मोजा जुन्याच बुटात कोंबला, तर बूट घट्ट होऊन उलट अधिक चावतो.

आपला त्रास टाचेचाच असल्याने आत एक अगदी पातळ मोजा आणि त्यावर नेहमीचा, अशी जोडी बुटात मावत असेल तर करून पाहावी, म्हणजे सरकणे कातडीवर न होता दोन मोज्यांमध्ये होते. हा प्रयोग मात्र आधी सिंहगड एकदा चढून-उतरून करावा.

सोबत तीन जोड न्यावेत. दुपारी जेवणाच्या वेळी पाय पुसून, पाच-दहा मिनिटे उघडे ठेवून जोड बदलावा आणि ओला पिळून सॅकला बाहेरून अडकवावा. तिसरा जोड प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून केवळ रात्री झोपताना घालायचा. सकाळी ओले मोजे पुन्हा चढवणे जिवावर येते, पण म्हणून त्या कोरड्या तिसऱ्या जोडाला हात लावू नये.