मतिमंद, गतिमंद आणि 'येडं'

दारव्ह्याकडच्या एका अंगणवाडीताईंनी विचारलंय: लेकरांच्या तपासणीच्या यादीत कुणी 'मतिमंद' लिहितं, कुणी 'गतिमंद', आणि गावात सरसकट 'येडं'. तिन्ही एकच का? लिहायचं काय?

ताई, एकच नाहीत. 'येडं' म्हणजे वेडं. वेळेचं येळ होतं, तसंच. पण वऱ्हाडात या शब्दाचा पसारा फार. बोलत नाही ते येडं, एकटंच डोलत बसतं ते येडं, नुसतं ऐकू येत नाही तेही येडंच. दरवेळी ती शिवीही नसते. 'माहं लेकरू येडं हाये' हे आजी मायेनंही म्हणते.

'मतिमंद'ची घडण मजेशीर आहे. संस्कृतात 'मंदमति', ज्याची मती मंद तो. मराठीनं पदं उलटवून 'मतीनं मंद' केलं आणि त्याच साच्यात 'गतिमंद' पाडला. शिक्षकांच्या बोलण्यात त्याचा अर्थ शिकण्याचा वेग कमी असलेलं, पण बौद्धिक अक्षमतेत (म्हणजे समज-बुद्धी वयाच्या मानानं बरीच मागे असणं) न बसणारं मूल. घोळ असा, की गती म्हटलं की लोकांना पाय दिसतात. सेरेब्रल पाल्सीनं (मेंदूच्या इजेनं हालचाल बिघडते तो आजार) हातपाय आखडलेलं, पण पाढे घडाघडा म्हणणारं पोट्टंही मग गतिमंद! आणि जिथं मतिमंद म्हणवत नाही, तिथंही हाच शब्द, सौम्य म्हणून. माझ्या मते तो यादीतून काढावाच. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या 21 प्रकारांत तो नाही. मतिमंदही नाही, त्याजागी बौद्धिक अक्षमता आहे.

'अध्ययन अक्षमता' निराळी. तिथं बुद्धी ठीक असते, वाचन, लेखन किंवा गणित अडतं. ते कळतं शाळेत, सातव्या-आठव्या वर्षाच्या सुमारास. तुमच्या यादीत तिचं काम नाही.

पाच वर्षांखालच्या लेकरांसाठी डॉक्टर 'विकासात्मक विलंब' म्हणतात, म्हणजे बोलणं-चालणं-समज वयाच्या मानानं मागे. तुम्ही मात्र दिसतं तेच लिहा: 'वय तीन, दोन शब्द जोडून बोलत नाही, मागून हाक मारली तर वळत नाही, महिन्यातून एकदा झटके येतात.' त्यातलं न वळणं कानाकडे बोट दाखवतं, झटके मिरगीकडे. 'मतिमंद' लिहिलं की दोन्ही त्या शब्दाखाली झाकली जातात. बाकी काय तपासायचं असं वाटून कान कुणी बघतच नाही. देशात पाच ठिकाणी 2 ते 9 वर्षांच्या मुलांची पाहणी झाली, 2018 मध्ये ती प्रसिद्ध झाली. दर आठ मुलांमागे जवळपास एकाला मेंदूच्या वाढीशी निगडित असा काही त्रास निघाला, आणि त्यातल्या साधारण पाचांत एकाला एकाहून जास्त. ऐकण्यातला दोष आणि मिरगी त्याच हिशोबात होत्या.

सरकारच्या बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं, लेकरं तपासणारं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा येतं. तुमची ती एक ओळ त्यांना दाखवा; पुढचा शब्द डॉक्टर लिहितील.