पीकेयूचं औषध वडिलांच्या रक्तवाहिन्यांसाठी?

तुमचा प्रश्न असा: वडील ६२ वर्षांचे, मधुमेह, गेल्या वर्षी स्टेंट. अमेरिकेतल्या भावाने बीएच-४ च्या गोळ्यांची जाहिरात पाठवलीय, 'रक्तवाहिन्या तरुण ठेवते' म्हणून. घ्यायच्या का?

माझं मत, नको.

मी डॉक्टर नाही. माझ्या मुलाला पीकेयू आहे (प्रथिनांतलं फेनिलअॅलनीन हे द्रव्य शरीराला नीट मोडता न येण्याचा जन्मजात आजार), म्हणून या रेणूशी दहा वर्षांची ओळख. टेट्राहायड्रोबायोप्टेरिन, म्हणजेच बीएच-४, हा एंझाइमांचा मदतनीस. यकृतातल्या एका एंझाइमला तो फेनिलअॅलनीन मोडायला मदत करतो. पीकेयूत नेमकं तेच एंझाइम बिघडलेलं असतं, म्हणून आमच्याकडे वरणसुद्धा वजनकाट्यावर. काही मुलांमध्ये एंझाइम थोडंफार शिल्लक असतं, त्यांना हा मदतनीस जास्त दिला की ते पुन्हा कामाला लागतं. २००७ च्या 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकातल्या चाचणीत सहा आठवड्यांनी ४४ टक्के जणांचं रक्तातलं फेनिलअॅलनीन ३० टक्के किंवा त्याहून जास्त उतरलं. प्लासिबो, म्हणजे औषध नसलेली दिखाऊ गोळी, घेणाऱ्यांत हे ९ टक्क्यांना जमलं. त्याच वर्षी डिसेंबरात अमेरिकेत सॅप्रोप्टेरिनला, म्हणजे बीएच-४ च्या औषधी रूपाला, मंजुरी मिळाली. आणि लक्षात घ्या, त्या चाचणीत आधी औषधाला दाद दिलेलेच रुग्ण निवडले होते, तरी निम्म्याहून जास्तांना तेवढा फरक पडला नाही.

आता रक्तवाहिन्या. तिथलं एंझाइम बीएच-४ च्या मदतीने नायट्रिक ऑक्साइड बनवतं, त्याने वाहिनी सैल पडते. बीएच-४ कमी पडलं की तेच एंझाइम उलट सुपरऑक्साइड हे वाहिनीला घातक द्रव्य सोडायला लागतं. मधुमेहात, धूम्रपानात हे घडतं. मग बाहेरून बीएच-४ द्या, झालं काम, असं कुणालाही वाटेल. छोट्या प्रयोगांत फरक दिसलाही.

पण ऑक्सफर्डच्या गटाने बायपासच्या प्रतीक्षेतल्या ४९ रुग्णांना रोज ४०० किंवा ७०० मिलिग्रॅम, नाहीतर निव्वळ प्लासिबो, दोन ते सहा आठवडे दिलं (प्रसिद्धी २०१२). रक्तात बीएच-४ वाढलं. सोबत त्याचं ऑक्सिडीकरण झालेलं रूप, बीएच-२, तेही वाढलं. दोघांचं एकमेकांशी गुणोत्तर जैसे थे, वाहिन्यांच्या कामात काडीचा फरक नाही. बीएच-२ एंझाइमवर तीच जागा अडवून बसतं, पण काम काही करत नाही.

मला याचं नवल वाटलं नाही. घरी गोळी पाण्यात विरघळवली की पंधरा मिनिटांत पाजावी लागते. पोराने नखरे केले, ग्लास तसाच राहिला, तर ओतून द्या आणि पुन्हा गोळ्या मोजा. हवेत इतकं चटकन खराब होणारं द्रव्य, आजारी वाहिनीत जिथे आधीच ऑक्सिडीकरणाचा धुमाकूळ चालू आहे तिथे टिकणार कसं? पीकेयूत मुळात दुखणं वेगळं आहे, म्हणून तिथे ते चालतं.

दुसरी काळजी म्हणजे वडिलांना छातीत दुखल्यावर जिभेखाली ठेवायची गोळी दिलेली आहे का? ती नायट्रेट प्रकारची असते, आणि अशा वाहिन्या सैल करणाऱ्या औषधांसोबत सॅप्रोप्टेरिन जपून द्यावं, असं त्याच्या माहितीपत्रकातच आहे. रक्तदाब एकदम उतरू शकतो.

बाटलीवरच्या लेबलचा फोटो टाका. पुष्कळदा आत बीएच-४ नसतंच, फोलेट आणि क जीवनसत्त्व 'बीएच-४ सपोर्ट' नावाने विकतात. आणि स्टेंटनंतर दिलेली रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे ना, ते आधी बघा.