लाइक मोजणं थांबवा, भाऊ

प्रश्न : मुलगी बी.एस्सी. ॲग्रीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. बारावीला ६१ टक्के होते. मोबाइलवर माहितीचे चित्र बनवते, त्याले इन्फोग्राफिक म्हणतात म्हणे. तिचं बोंडअळीचं चित्र तालुक्यातल्या सगळ्या ग्रुपवर फिरलं. आता याच लाइनचा जमाना आहे आणि यात मार्कही लागत नाहीत, म्हणून आम्ही ठरवलं की कॉलेज सोडून तिनं नागपूरला ११ महिन्यांचा ग्राफिक डिझाइनचा कोर्स करावा. फी १ लाख ३५ हजार, नोकरीची शंभर टक्के हमी. सीटसाठी ५ हजार भरले, बाकीचं तूर निघाली की पाहू. रोज एक चित्र झालंच पाहिजे असा नियम केला आहे, रात्री लाइक किती आले ते मी स्वतः पाहतो. पण आजकाल ती फार चिडचिड करते. तिले समजवा. सोबत तिची दोन चित्रं पाठवतो.
– एक कास्तकार, ता. दारव्हा, जि. यवतमाळ

भाऊ, नमस्कार.

पत्रात 'आम्ही ठरवलं' आहे, पोरगी काय म्हणते ते कुठंच नाही. ती चिडचिड करते, एवढंच कळतं. कुणी सांगितलेलं नसताना जिनं हौसेनं बोंडअळीचं चित्र केलं, तीच आता का वैतागते, याचं उत्तर तुम्हीच लिहून पाठवलंय : रोज एक चित्र आणि रात्री बापासमोर हजेरी. मार्कांसाठी पोरांच्या मागं लागणं वाईट, लाइकसाठी लागणं त्याहून वाईट. मार्क निदान अभ्यासावर अवलंबून असतात. लाइक किती येणार, हे ग्रुपमधले लोक त्या दिवशी कापूस वेचायला गेले होते की लग्नाला, यावरही ठरतं.

त्यात धोकाही आहे. नीट केलेल्या एका चित्राला दोन-तीन दिवस लागतात आणि त्यातला बराचसा वेळ आकडे शोधण्यात नि तपासण्यात जातो. रोज एक पाहिजे म्हटलं की तपासणी सुटते, फॉरवर्डमधला आकडा उचलला जातो. यवतमाळ जिल्ह्यानं २०१७ साली फवारणीची विषबाधा पाहिली आहे. अशा जिल्ह्यात औषधाच्या डोसचा चुकीचा आकडा शंभर ग्रुपवर गेला, तर तो परत कोण बोलावणार? हा नियम आजच मोडा. लाइक पाहणंही बंद करा.

आता तुमच्या 'जमान्या'बद्दल. ते खरंच आहे. लांबलचक मजकूर फोनवर कुणी वाचत नाही, लिंक उघडायचा कंटाळा येतो, पण चित्र ग्रुपवर आलं की उघडायच्या आधीच अर्धं वाचून होतं. २०२० मध्ये कोरोनाचा चढता-उतरता आलेख गावातल्या पारावरही समजला होता. बातम्यांच्या साइट, सरकारी खाती, बँका, बियाणं कंपन्या, सगळ्यांना अशी चित्रं लागतात. मराठीत मात्र निव्वळ इन्फोग्राफिक करण्यासाठी ठेवलेल्या नोकऱ्या थोड्या आहेत आणि त्या बहुतेक मुंबई-पुण्यात. बाकी ठिकाणी हे काम दुसऱ्या कुठल्या तरी कामाच्या पोटात येतं.

तुमचा मोठा गैरसमज असा, की हे चित्रकलेचं आणि सॉफ्टवेअरचं काम आहे, म्हणून मार्क कमी असणाऱ्यांची सोय. उलट आहे. १८५४ मध्ये लंडनमधला कॉलरा कोणत्या पंपाभोवती आहे हे नकाशावर रेघा मांडून दाखवणारा जॉन स्नो डॉक्टर होता. सैनिक लढाईपेक्षा रोगराईनं जास्त मरतात हे १८५८ मध्ये एका आकृतीत मांडणारी फ्लोरेन्स नाइटिंगेल नर्स होती. नेपोलियनची फौज रशियात कशी वितळत गेली हे १८६९ मध्ये एका पट्ट्याच्या जाडीतून दाखवणारा मिनार्ड इंजिनिअर होता. तिघांपैकी चित्रकार एकही नाही. त्यांना विषय आतून माहीत होता आणि काय गाळायचं ते कळत होतं. सजावटीचं निम्मं काम आता तयार टेम्प्लेट करतात. एआयकडून अख्खं चित्र करून घेतलं तर मराठी जोडाक्षरं मोडू शकतात आणि आकडे बिनधास्त बदलू शकतात, ते पकडायला विषय जाणणारा माणूसच लागतो. म्हणजे ज्या ज्ञानाच्या जोरावर तिचं चित्र चाललं, तेच शिकणं तुम्ही बंद करायला निघालात.

तिची दोन्ही चित्रं पाहिली. बोंडअळीच्या चित्रात 'एका सापळ्यात ८ पतंग, सलग ३ रात्री' ही उपाय करायची वेळ झाल्याची खूण मधोमध मोठ्या अक्षरात आहे आणि एकरी २ कामगंध सापळे (वासानं पतंग ओढणारे) हे त्याखाली. वावरात उभ्या माणसाला पहिल्यांदा जे लागतं, तेच पहिल्यांदा दिसतं. हे तिला कुणी शिकवलेलं नसावं, ते विषयातून आलंय. खोट एवढीच, की पानात चार प्रकारची अक्षरं आहेत, मागं कापसाचा फोटो आहे आणि त्यावर पांढरी अक्षरं. उन्हात काही दिसणार नाही.

दुसरं, हमीभावाचं चित्र मात्र दिशाभूल करतं, आणि ते तिला आवर्जून दाखवा. लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव २०२३-२४ ला क्विंटलमागे ७,०२० होता, २०२४-२५ ला ७,५२१. आकडे बरोबर आहेत. पण तिनं पट्ट्या शून्यापासून न काढता ६,५०० पासून सुरू केल्या. त्यामुळे एक पट्टी ५२० ची आणि दुसरी १,०२१ ची झाली. पाहणाऱ्याला वाटतं, भाव जवळजवळ दुप्पट झाला. प्रत्यक्षात वाढ ५०१ रुपयांची, सुमारे ७ टक्के. पहिली पट्टी १० सेंटिमीटर असेल तर दुसरी १०.७ पाहिजे. पट्टी नेहमी शून्यापासून. फरक बारीक दिसतो? मग तो बारीकच आहे, वाटल्यास '५०१ रुपये वाढ' हे शब्दांत मोठं लिहा. चित्रावर तारीख नाही, आकडा कुठून घेतला तेही नाही. २०२५-२६ ला भाव ८,११० ठरला, पण तारीख नसल्यानं जुनं चित्र अजून 'ताजं' म्हणून फिरत असेल.

कोर्सचं थोडक्यात सांगतो. 'शंभर टक्के हमी' म्हणजे कोणत्या कंपनीत, किती पगारावर, नाही लागली तर फी परत का, हे लेखी मागा. देत नसतील तर ५ हजार गेले समजा, उरलेले १ लाख ३० हजार वाचले. मराठी अक्षरं कशी बसवायची ते शिकवतात का, हेही विचारा. जुन्या फॉन्टमधला मजकूर दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडला की निरर्थक चिन्हं दिसतात. महागड्या सॉफ्टवेअरमध्येही भारतीय भाषांची सेटिंग चालू नसेल तर वेलांटी भलत्याच अक्षरावर जाऊन बसते.

डिझाइनच करायचं असं पुढं तिनंच म्हटलं, तर राष्ट्रीय डिझाइन संस्थेची (एनआयडी) डॅट, डिग्रीनंतर देता येणारी सीड, उपयोजित कलेसाठी राज्याची सीईटी या प्रवेश परीक्षांचे रस्ते आहेत, चौकशी तिनं करावी. माझं मत विचाराल तर तिनं डिग्री पूर्ण करावी. सातव्या सत्रात ती कृषिकन्या म्हणून, म्हणजे अभ्यासक्रमाचाच भाग म्हणून, गावात जाईल, तेव्हा हीच चित्रं तिथं तपासून निघतील. पुढं कृषी विस्तार या विषयात एम.एस्सी. करता येतं. कृषी विज्ञान केंद्र, शेतकरी उत्पादक कंपन्या, शेतीवरच्या साइट, संस्था, इथं शेती कळणारी आणि ती एका पानात मांडणारी व्यक्ती लवकर मिळत नाही. ६१ टक्के हा आकडा आता डोक्यातून काढा. पुढच्या प्रवेशाला डिग्रीचे मार्क आणि सीईटी पाहतात.

शिकायला पैसे लागत नाहीत. आकडे गुगल शीटमध्ये, आलेख डेटारॅपरवर, मांडणी कॅन्व्हावर, तिन्हीच्या फुकट आवृत्त्या पुरतात. त्याआधी वहीत फोनएवढी चौकट आखून पेन्सिलनं कच्चं चित्र. एका चित्रात एकच प्रश्न, दुसरा सुचला तर दुसरं चित्र. आकार १०८० बाय १३५० पिक्सेल आणि त्यात ३६ पेक्षा बारीक अक्षर नको. मात्रा-वेलांट्यांमुळे मराठीत दोन ओळींतलं अंतर इंग्रजीपेक्षा जास्त लागतं. मुक्ता किंवा नोटो सान्स देवनागरी, दोनपैकी एकच फॉन्ट. लाल-हिरव्याच्या भरवशावर अर्थ ठेवू नये, अनेक पुरुषांना त्यातला फरक दिसत नाही. पीएनजी प्रकारची फाइल करून व्हॉट्सॲपवर 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवलं की अक्षरं फुटत नाहीत. चित्रातला मजकूर सर्चमध्ये सहसा सापडत नाही आणि अंध माणसाच्या फोनला तो वाचता येईलच असं नाही, म्हणून खाली दोन ओळी लिहाव्यात. मग चित्र तुमच्या शेजाऱ्याला उन्हात दाखवायचं आणि 'काय समजलं?' एवढंच विचारायचं. 'कसं वाटलं' नाही. कसं वाटलं विचारलं की सगळे छानच म्हणतात.

हे करायचं की नाही, कधी करायचं, हे तिच्यावर सोडा. तिला पटलं तर पुढच्या चित्राला एक विषय सुचवतो. हमीभावाच्या पट्ट्यांपेक्षा सीसीआयच्या (भारतीय कापूस महामंडळाच्या) खरेदी केंद्रावर गाडी घेऊन निघालेल्या माणसाला ओलाव्याचा हिशेब जास्त लागतो : ८ टक्क्यांपर्यंत पूर्ण भाव, ८ ते १२ मध्ये त्या प्रमाणात कपात, १२ च्या वर माल परत. तीन रकाने, वर भाव, खाली त्या वर्षाची तारीख.